दोन दिवसांची पिशवी



रब्बीची सुगी उरकली, हरभरा घरात येऊन पडला आणि नातवंडांच्या परीक्षा संपल्या, की आमच्या शिरूर अनंतपाळच्या दवाखान्यात एक प्रश्न वारंवार ऐकू येऊ लागतो. ‘डॉक्टरसाहेब, शनिवार-रविवार तुळजापूर, अक्कलकोट करून येतो, जाऊ ना?’ तुळजापूरच्या जागी कधी पंढरपूर असते, कधी परळी आणि औंढा, कधी पुण्याच्या लेकीकडचे बारसे. विचारणाऱ्याचे वय सत्तरीच्या आसपास असते आणि मागे उभी असलेली सून किंवा मुलगा माझ्या तोंडाकडे पाहत असतो. माझे उत्तर बहुतेक वेळा ‘जरूर जा’ असेच असते. त्यानंतर मी जो प्रश्न विचारतो, त्याने मात्र पुष्कळजण बुचकळ्यात पडतात. मी विचारतो, ‘पिशवीत काय भरणार?’

एसटीच्या सवलतींमुळे अशा प्रवासांना अलीकडे चांगलाच जोर आला आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास विनामूल्य झाला. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व वयांच्या स्त्रियांना अर्धेच भाडे लागते. पूर्वी मुलाने जीप ठरवली तरच बाहेर पडणारी आजी आता ओळखपत्र बटव्यात घालून स्वतःहून निघते. मला याचा मनापासून आनंद आहे. घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल पडणे आणि चार माणसांत दोन दिवस घालवणे यांनी म्हाताऱ्या माणसाची भूक, झोप आणि बोलणे कसे सुधारते, हे मी दरवर्षी पाहतो. परंतु सोमवारी आणि मंगळवारी दवाखान्यात येणाऱ्यांमध्ये याच प्रवासाहून परतलेले काहीजण असतात. कुणाच्या पायांवर सूज चढलेली असते, कुणाच्या तळव्याला फोड आलेले असतात, कुणाला रात्रभर दम लागलेला असतो. चौकशी केली, तर यातील बहुतेकांचे कारण पिशवीतच सापडते. काहीतरी घरी राहिलेले असते, किंवा बरोबर असूनही हाताशी नसते.

तरुण माणसाच्या पिशवीत काही राहिले तर ते दुकानात मिळते. टॉवेल, साबण, चादर हे सारे तुळजापूरच्या बाजारातही मिळेल. सत्तरीतल्या माणसाचे तसे नसते. त्याच्या नावाच्या गोळ्या, त्याच्या नंबरचा चष्मा, त्याच्या जबड्याला बसणारी कवळी, त्याच्या कानाचे यंत्र आणि त्यातला बारीक सेल या वस्तू रविवारी संध्याकाळी परक्या गावात कुठेही मिळणार नाहीत. म्हणून माझे सांगणे असे, की जी वस्तू वाटेत विकत मिळणार नाही ती पहिल्यांदा भरावी. कपड्यांचा विचार अगदी शेवटी करावा. आपल्याकडे याच्या नेमके उलट चालते. आधी धुवट साड्या आणि धोतरे भरली जातात, मग ओटीचे साहित्य, मग शिदोरी. आणि गाडीची वेळ झाली की कुणीतरी आठवण करून देते, ‘गोळ्या घेतल्या का?’ मग पेढ्यांच्या जुन्या खोक्यात साठवलेल्या सगळ्या गोळ्या तशाच्या तशा पिशवीत कोंबल्या जातात.

हे खोके सोबत नेऊ नये. त्यात मुदत संपलेल्या पट्ट्या असतात, दोन वर्षांपूर्वी बंद केलेली गोळी असते, शेजाऱ्याने दिलेली गुडघ्याची गोळी असते आणि बहुधा एकच औषध दोन नावांनी असते. एक पट्टी मेडिकलमधून आणलेली, दुसरी जनऔषधी केंद्रातून. औषध एकच, वेष्टन निराळे. घरी सून बघून देते म्हणून गोंधळ होत नाही. भक्तनिवासाच्या अंधूक दिव्यात, थकलेल्या डोळ्यांनी आजोबा दोन्ही घेतात आणि पहाटे उठताना चक्कर येऊन पडतात. म्हणून निघण्यापूर्वी खोके उघडावे आणि लागतील तेवढ्याच गोळ्या काढाव्यात. त्या सुट्या करून कागदाच्या पुडीत बांधू नयेत. पट्टीच कापावी आणि औषधाचे नाव व मुदत ज्या बाजूस छापली आहे ती बाजू शाबूत ठेवावी. वेळ पडल्यास परगावच्या डॉक्टरला पाहायला तेवढाच पुरावा असतो.

किती गोळ्या न्याव्यात, याचे उत्तर दिवसांच्या हिशेबाने देऊ नये. ‘दोन दिवसांच्या घेतल्या’ असे सगळेच सांगतात, आणि तिथेच घोटाळा होतो. शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री उशिरा परतायचे असेल, तर सकाळच्या दोन वेळा, दुपारच्या दोन आणि रात्रीच्या दोन येतात. रविवारची रात्रीची गोळी ‘घरी जाऊन घेऊ’ म्हणून नेलेली नसते, गाडी वाटेत बंद पडते आणि घरी पोहोचायला सोमवारची पहाट होते. म्हणून बोटांवर वेळा मोजाव्यात आणि वर पूर्ण एका दिवसाच्या गोळ्या जादा घ्याव्यात. दोघे बरोबर जात असतील, तर ही जादा पुडी दुसऱ्याच्या पिशवीत ठेवावी. एक पिशवी हरवली, तरी औषध पूर्णपणे तुटत नाही.

‘दोन दिस गोळी न्हाई घेतली तर काय व्हतंय?’ असे मला एका आजींनी विचारले होते. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर गोळीगणिक वेगळे आहे. थायरॉईडची गोळी एखाद्या दिवशी राहिली, तर फारसे काही बिघडत नाही. तिचा अंमल शरीरात बरेच दिवस टिकतो. परंतु रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः क्लोनिडीन आणि मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारख्या, अचानक तोडल्या तर रक्तदाब आणि नाडी उसळी घेऊ शकतात, आणि हृदयाच्या रुग्णाला छातीत कळ येऊ शकते. फिट्सच्या, रक्त पातळ करणाऱ्या आणि स्टिरॉइडच्या गोळ्या एक वेळही चुकवण्यासारख्या नसतात. आपली कोणती गोळी कोणत्या प्रकारची आहे, हे आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. दोन मिनिटांचे काम आहे. आणि चुकलीच एखादी, तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊन भरपाई करू नये.

आता ज्या गोळीबद्दल लोक मला खरे सांगत नाहीत तिच्याविषयी. लघवी होण्याची गोळी. हृदयाचे काम मंदावलेल्या, पायांवर सूज येणाऱ्या पुष्कळ ज्येष्ठांना ती चालू असते आणि रक्तदाबाच्या कित्येक जोडगोळ्यांतही असे औषध मिसळलेले असते. प्रवासाच्या दिवशी ही गोळी मुद्दाम टाळली जाते. त्यामागचे कारण मी पुरते समजतो. गाडी सुटल्यावर चालकाला थांबवायला सांगण्याचा संकोच, बसस्थानकावरच्या स्वच्छतागृहाची अवस्था, गुडघे वाकत नसताना तिथे बसण्याची धास्ती. स्त्रियांच्या बाबतीत हे सारे दुप्पट. गोळी तर टाळतातच, शिवाय पाणीही पीत नाहीत. शनिवारी सकाळची गोळी गेली, रविवारची गेली, वर शिदोरीतले लोणचे, शेंगांची चटणी आणि पापड यांतून मीठ पोटात गेले. रविवारी रात्री आडवे झाल्यावर दम लागतो, उठून बसले की बरे वाटते. या खुणेकडे दुर्लक्ष करू नये. फुप्फुसांत पाणी साठू लागल्याची ती खूण असू शकते.

यावर तोड आहे. फ्युरोसेमाइडसारखी गोळी घेतल्यापासून तासाभरात काम सुरू करते आणि तिचा मुख्य जोर सुमारे सहा तासांत ओसरतो. म्हणजे पहाटेच्या गाडीपूर्वी ती न घेता, मुक्कामी पोहोचल्यावर दुपारी घेतली तर प्रवासही निभावतो आणि औषधही चुकत नाही. मात्र हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा, कारण प्रत्येकाचे प्रमाण वेगळे असते. पिशवीत त्यासाठी काय ठेवायचे? एक छोटा मग, सुकी फडकी, लागत असल्यास मोठ्यांचे दोन-तीन डायपर. यात लाजण्यासारखे काही नाही. गुडघ्यांचा फार त्रास असेल, तर घडी करता येणारी कमोडची खुर्ची मिळते. ती एसटीत नेणे अवघड, पण स्वतःची गाडी असेल तर तिला जागा करावी, दुसऱ्या साडीच्या बॅगेला नव्हे. पाणी मात्र घोटघोट पीत राहावे. उन्हाळ्यात पाणी तोडून केलेल्या दोन दिवसांच्या प्रवासानंतर मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झालेल्या, ग्लानीत गेलेल्या, असंबद्ध बोलू लागलेल्या वृद्ध स्त्रिया मी पाहिल्या आहेत. घरचे म्हणतात, ‘बाहेरवाऱ्याचं झालंय.’ बहुधा ते पाणी न पिण्याचे असते.

मधुमेही वाचकांसाठी शिदोरी हेही औषधच समजावे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि वेळेवर खाल्ले नाही, तर रक्तातील साखर उतरते. घरी हे सहसा घडत नाही, कारण ताट समोर येते. प्रवासात सकाळची गोळी सवयीने घेतली जाते, पण ‘दर्शन झाल्याशिवाय खायचं नाही’ असा नेम असतो, आणि रांग तीन तासांची निघते. दरदरून घाम, हातांना कंप, जीव कासावीस होणे, मग बोलण्यात गोंधळ अशा पायऱ्यांनी हे येते. आजूबाजूचे भाविक म्हणतात, अंगात आले. अशा वेळी शुद्धीत असलेल्या माणसाला तीन चहाचे चमचे साखर पाण्यात कालवून पाजावी, पंधरा मिनिटे थांबावे, बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी, आणि नंतर काही खायला घालावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही ओतू नये. ही साखरेची पुडी पिशवीत ठेवून उपयोग नाही, कारण रांगेत जाताना पिशवी खोलीवर राहते. ती बंडीच्या आतल्या खिशात किंवा कमरेच्या बटव्यात हवी. ज्यांना छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली आहे, त्यांनी तीही तिथेच ठेवावी आणि घेण्याआधी खाली बसावे. उभ्याने घेतली तर चक्कर येते.

शिदोरीच्या बाबतीत आपल्या मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी आणि धपाटे हे प्रवासासाठीच जन्माला आलेले पदार्थ आहेत. ते मऊ असतात, कवळीलाही चालतात आणि डाळ-भाजीच्या आधारावाचून खाता येतात. फक्त ताक-दह्याची बरणी उन्हात दिवसभर नेऊ नये, आणि हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी चटणी-लोणच्याला हात आखडता घ्यावा. उपवासाचा नेम असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. गोळीचे प्रमाण त्या दिवसापुरते बदलता येते. देवाला फसवल्याचा दोष त्यात लागत नाही.

इन्सुलिनविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण त्याची हेळसांड फार होते. न फोडलेली कुपी शीतकपाटात ठेवायची असते. वापरात असलेली कुपी किंवा पेन मात्र साधारण चार आठवडे, पंचवीस-तीस अंशांपर्यंतच्या तापमानात, बाहेर टिकते. अडचण अशी, की चैत्र-वैशाखात लातूर-सोलापूरकडे पारा चाळीशीच्या पलीकडे जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून पुष्कळ अधिक. तापलेले इन्सुलिन दिसायला जसेच्या तसे असते, पण त्याचा गुण कमी होतो. रविवारी साखर वाढलेली दिसते आणि दोष दशमीला दिला जातो. काहीजण याच्या उलट करतात. बर्फाच्या खड्यांत कुपी पुरतात. गोठलेले इन्सुलिनही निकामीच. रुंद तोंडाच्या थर्मासात थंड पाणी भरून, ते हलवून ओतून द्यावे, आणि कोरड्या फडक्यात गुंडाळलेली कुपी आत ठेवावी. थर्मास नसेल, तर कुपी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ओल्या सुती फडक्यात गुंडाळावी आणि फडके पुन्हा पुन्हा भिजवावे. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने कुपीही पुष्कळ सुरक्षित राहते. ही पिशवी मांडीवर असावी.

आता पायांकडे येतो. माझ्या मते धार्मिक सहलीच्या पिशवीतली सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे जाड सुती मोज्यांचे दोन जोड. देवळात चपला बाहेर काढाव्या लागतात. ज्या मधुमेही माणसाच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे, त्याला दुपारच्या उन्हात तापलेली फरशी भाजत असल्याचे कळतच नाही. तो शांतपणे प्रदक्षिणा घालतो आणि संध्याकाळी तळव्याला फोड दिसतात. फोडाची जखम होते, ती महिनोन्महिने भरत नाही, आणि काहींच्या बाबतीत बोट गमावण्यापर्यंत गोष्ट जाते. मोजे घालून आत जाता येते. कुणी हटकले तर कारण सांगावे, माणसे समजून घेतात. शक्यतो पहाटेचे दर्शन गाठावे. रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळवे उजेडात पाहावेत, स्वतःला वाकता येत नसेल तर सोबत्याला दाखवावेत. नव्या चपला या प्रवासासाठी म्हणून घेऊ नयेत. जुन्याच, टाचेला पट्टा असलेल्या, पायाच्या ओळखीच्या चपला बऱ्या.

तुळजापूरला जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिथे मंदिराकडे जाताना पायऱ्या उतराव्या लागतात आणि परतताना चढाव्या लागतात. जाताना सारे सोपे वाटते, उत्साह असतो. चढण येते ती रांगेत उभे राहून थकल्यावर, उपाशी पोटी. म्हणून काठी नको म्हणणाऱ्यांनीही काठी न्यावी. गुडघे दुखू लागल्यावर परगावच्या दुकानातून मिळेल ती वेदनाशामक गोळी घेणे हा फार धोक्याचा रिवाज आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्यातल्या बऱ्याच गोळ्या अपायकारक ठरतात. पॅरासिटामॉलच्या चार-सहा गोळ्या आपल्याच पिशवीत असू द्याव्यात. गाडी लागते म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांबाबतही असेच आहे. त्यांनी वृद्धांना गुंगी येते, आणि प्रोस्टेटच्या त्रासात लघवी अडते. विचारल्यावाचून त्या घेऊ नयेत.

मुक्कामाची खोली परकी असते. रात्री उठल्यावर स्वच्छतागृह डावीकडे की उजवीकडे, उंबरा किती उंच, दिव्याचे बटन कुठे, यांपैकी काहीच हाताला सवयीचे नसते. खुब्याचे हाड मोडण्यास एवढे पुरते. एक छोटी विजेरी उशाशी असावी. मोबाइलचा दिवा लावण्यासाठी चष्मा लागतो आणि चष्मा शोधण्यासाठी दिवा.

कपड्यांविषयी लिहायला मला फारसे काही नाही. एक अंगावर, दोन पिशवीत, रात्री अंगावर घ्यायला एक शाल किंवा पातळ चादर, एक पंचा. बस्स. शिरूरहून निघालेल्याला लातूरला किंवा निलंग्याला गाडी बदलावी लागते, आणि एसटीची पहिली पायरी किती उंच असते हे गुडघेदुखीच्या माणसाला सांगायला नको. ठिसूळ झालेल्या कण्याच्या माणसाने जड बॅग डोक्यावरच्या फळीवर चढवणे म्हणजे मणका दबण्याला आमंत्रण आहे. आपल्या वाडवडिलांची पडशी मला यासाठी फार शहाणी वस्तू वाटते. खांद्यावर टाकली की एक कप्पा पुढे, एक मागे. भार दोहोंकडे सारखा आणि दोन्ही हात मोकळे, एका हाताला काठी आणि दुसऱ्याला दांडा धरता येतो. पडशी आता घरोघर नसेल. पण एका मोठ्या बॅगेऐवजी दोन लहान पिशव्या कराव्यात, आणि औषधे, चष्मा, पाणी असलेली पिशवी कधीही फळीवर किंवा डिकीत जाऊ देऊ नये. लांबच्या प्रवासात दर दीड-दोन तासांनी, गाडी थांबेल तिथे, उतरून चार पावले चालावे. उतरणे शक्य नसेल तर बसल्या जागी घोटे वर-खाली हलवत राहावे. पायांतले रक्त साकळू नये म्हणून.

एक कागद मात्र प्रत्येकाच्या खिशात हवा. त्यावर मोठ्या अक्षरांत नाव, वय, गाव, दोन नातेवाइकांचे दूरध्वनी, आजारांची नावे, चालू औषधे प्रमाणासह, आणि एखादे औषध सोसत नसेल तर त्याचे नाव. मोबाइलमध्ये सगळे आहे, असे मुले सांगतात. पण मोबाइल कुलूपबंद असतो किंवा त्याची बॅटरी उतरलेली असते. त्याच कागदाच्या पाठीवर रुग्णवाहिकेचा १०८ आणि सर्व प्रकारच्या तातडीसाठीचा ११२ हे क्रमांक लिहावेत. गाणगापूर कर्नाटकात असले, तरी हे दोन्ही क्रमांक तिथेही चालतात. एसटीची सवलत मात्र राज्याच्या हद्दीपुरतीच असते, तेवढे सुटे पैसे वेगळे ठेवावेत.

इथवर जाणाऱ्याच्या पिशवीविषयी झाले. परंतु हा अंक ज्यांच्या हाती पडतो, त्यांतील कित्येकजण जाणारे नसतात. ते कुणाला तरी सांभाळणारे असतात, आणि म्हणूनच कुठेही जाऊ शकत नाहीत. अर्धांगाने खिळलेली सासू, स्मृती हरवलेले वडील यांच्यापाशी अडकलेली एखादी सून माझ्यासमोर बसते, तिचा रक्तदाब वाढलेला असतो, झोप उडालेली असते. विचारल्यावर कळते, दोन वर्षांत माहेरी एक रात्रही काढलेली नाही. तिला मी गोळी लिहून देतो, आणि दोन दिवसांची सुट्टीही लिहून देतो. ती म्हणते, ‘मी गेल्यावर यांचं कोण बघणार?’ त्याला माझे उत्तर असे, की तुमच्या पिशवीच्या आधी त्यांची पिशवी भरा. घरी राहणाऱ्याचीही एक पिशवी असते.

ती भरायला निघण्याच्या तीन-चार दिवस आधी बसावे. कागदी पाकिटे घेऊन प्रत्येकावर वार आणि वेळ लिहावी, ‘शनिवार सकाळ, नाश्त्यानंतर’, ‘शनिवार रात्र, जेवणाआधी’, आणि त्या त्या वेळच्या गोळ्या, पट्टी कापून, त्यात घालाव्यात. दोन दिवस सांभाळायला येणारी नणंद किंवा शेजारीण हुशार असली, तरी तिला आठ औषधांची चिठ्ठी वाचायला लावू नये. मग एका कागदावर, जे तुम्हाला इतके सवयीचे झाले आहे की सांगावेसे वाटत नाही, तेच लिहून भिंतीला लावावे. भरवताना उठवून बसवायचे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करायचे नाही, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. दर दोन तासांनी कूस बदलायची. लघवीची पिशवी खाटेच्या पातळीखालीच राहिली पाहिजे. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची. आजोबा संध्याकाळी दाराकडे जातात, तेव्हा त्यांना अडवायचे नाही, बरोबर अंगणात दोन फेऱ्या मारायच्या. वरची कडी मात्र लावलेली असावी. आईला चहा बशीत ओतून दिला तरच ती पिते. हे शेवटचे वाक्य कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात नाही, पण त्यावाचून दोन दिवस पाणीसुद्धा पोटात जाणार नाही.

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला आपल्या सोयीसाठी दुसऱ्या मुलाच्या घरी हलवू नये. सांभाळणाऱ्या माणसालाच घरी बोलवावे. परक्या भिंतींमध्ये असे रुग्ण रात्री फार भांबावतात. आणि येणाऱ्या व्यक्तीला शुक्रवारी पूर्ण दिवस तुमच्यासोबत राहू द्यावे. तिने भरवावे, तिने कूस बदलावी, तुम्ही फक्त पाहावे. हात आवरणे अवघड जाईल, तरी आवरावा. गावातल्या डॉक्टरला आणि औषधाच्या दुकानदाराला तुम्ही दोन दिवस नाही हे कळवून ठेवावे. दूरध्वनी दिवसातून दोन ठरलेल्या वेळी करावा. तासातासाला केला, तर नणंदेला तो तपासणीसारखा वाटतो, आणि तुमचे माहेरही होत नाही.

परतल्यावर दोन्ही पिशव्या लगेच रिकाम्या करून कपाटात टाकू नयेत. उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. प्रवाशाच्या पिशवीत जादा नेलेल्या एका दिवसाच्या गोळ्या उरायला हव्यात, घरच्या पाकिटांत काहीच उरायला नको. त्याहून अधिक उरले असेल, तर कोणती वेळ चुकली ते पट्टीवरून कळते. बहुधा ती निघण्याच्या दिवशीची सकाळ असते, नाहीतर दुपार. ती पट्टी तशीच घेऊन पुढच्या तपासणीला यावे. कुणी रागावणार नाही. गोळीची वेळ बदलता येते का, एवढेच आम्हाला पाहायचे असते.